हत्याराची तहान

सुताराच्या रंध्याचे पाते बोथट झाले की तो धार लावण्याचा दगड पुढे ओढतो आणि पहिले काम करतो ते दगडावर पाण्याचे चार थेंब शिंपडण्याचे. कोरड्या दगडावर पाते घासू नये, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. पाते तापले तर त्याचे पाणी उतरते, एवढेच त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलेले असते. पोलादाच्या कठीणपणाला मराठीत ‘पाणी’ म्हणतात, आणि ते ‘पाणी’ टिकविण्यासाठी खरे पाणी लागते, हा भाषेतील योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

घराच्या मागच्या पडवीत किंवा वाहनाच्या खोलीत लहानसे मिलिंग यंत्र बसविणाऱ्या हौशी कारागिराला पहिल्याच आठवड्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. फिरणाऱ्या कटरवर काय सोडावे? साधे पाणी, घट्ट तेल, दुधासारखे दिसणारे तेल-पाण्याचे मिश्रण, की काहीच नाही? दुकानदार एक डबा पुढे करतो, शेजारचा कारखानदार दुसरा सुचवितो. प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या मागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पदार्थवैज्ञानिक आहेत, कारखानदार आहेत, तसेच डॉक्टर आणि रोगी मजूरही आहेत.

धातू कापताना उष्णता निर्माण होते, ही गोष्ट लोहारालाही ठाऊक होती. ती किती निर्माण होते, याचे पहिले गाजलेले मोजमाप मात्र म्युनिच येथील तोफांच्या कारखान्यात झाले. बेंजामिन टॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड हा बव्हेरियाच्या नोकरीतील अधिकारी तोफांच्या नळ्या कोरण्याच्या कामावर देखरेख करीत होता. पितळी तोफेतून निघणारा कीस उकळत्या पाण्याहूनही अधिक तापलेला असतो, हे पाहून त्याने मुद्दाम एक बोथट हत्यार घेतले, तोफेच्या तुकड्याभोवती पाण्याची पेटी बसविली आणि घोड्यांच्या साहाय्याने यंत्र फिरविले. पेटीत सुमारे साडेआठ किलो पाणी होते. अडीच तासांत ते उकळू लागले. जवळ विस्तव नाही आणि पाणी मात्र खदखदते आहे, हे दृश्य पाहून भोवतालचे लोक थक्क झाले. १७९८ मध्ये रम्फर्डने हा प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. उष्णता हा पदार्थांत दडलेला कोणी द्रव नसून ती गतीतून उत्पन्न होते, हा त्याचा निष्कर्ष पदार्थविज्ञानाच्या इतिहासात अमर झाला. कारखान्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा होता: हत्यार फिरविण्यास जी शक्ती लागते, ती जवळजवळ सारी उष्णता होऊनच बाहेर पडते. या उष्णतेचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथून पुढे सुटला नाही.

त्या काळची हत्यारे साध्या कार्बन-पोलादाची असत. हे पोलाद दोनशे ते अडीचशे अंश सेल्सियसच्या पलीकडे तापले की मऊ पडू लागते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील कारागीर हळू कापीत आणि हत्याराच्या डोक्यावर एक लहान डबा टांगून त्यातून थेंबथेंब पाणी किंवा तेल सोडीत. तेल कोणते? बहुधा डुकराच्या चरबीचे, कधी देवमाशाचे. खनिज तेल तेव्हा मिळत नव्हते. अमेरिकेतील टायटसव्हिल येथे ड्रेकची विहीर १८५९ मध्ये लागली, आणि त्यानंतर स्वस्त खनिज तेल हळूहळू कारखान्यांत शिरले. या जुन्या कारागिरांचे ज्ञान अनुभवाचे होते, पण पक्के होते. पोलादाला तेल हवे, पितळ कोरडेच कापावे, बिडाला काहीच लावू नये, हे नियम ते शिकाऊ मुलांना सांगत. लंडनमध्ये १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थकॉट यांच्या लेथवरील ग्रंथात अशा द्रवांनी काम अधिक होते याची नोंद आहे. पण ‘अधिक’ म्हणजे किती, हे कोणी मोजले नव्हते.

ते मोजण्याचे काम फ्रेडरिक विन्स्लो टेलर याने केले. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात तो १८७८ मध्ये मजूर म्हणून लागला आणि थोड्याच काळात मुकादम झाला. यंत्रावर किती वेगाने कापावे, हे कामगाराच्या मर्जीवर का सोडावे, या एका शंकेने त्याला पछाडले. कारखान्याचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांनी त्याला प्रयोगास परवानगी दिली. १८८० मध्ये सुरू झालेले हे प्रयोग सव्वीस वर्षे चालले. त्यांत तीस ते पन्नास हजार नोंदी झाल्या आणि आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद कीस होऊन पडले.

या प्रयोगांतील आरंभीचा एक शोध पाण्याचा होता. १८८३ मध्ये टेलरला असे दिसून आले की, हत्याराच्या टोकाशी जेथे कीस सुटत असतो तेथे पाण्याची जोरकस धार सोडली, तर कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढविता येतो. डब्यातून गळणाऱ्या थेंबांनी हे साधत नाही. पाणी भरपूर हवे आणि नेमक्या जागी पडावयास हवे. पुढच्याच वर्षी मिडव्हेलमध्ये नवी यंत्रशाळा उभी राहिली. तिच्यात प्रत्येक यंत्राखाली लोखंडी परात बसविली, खाली पडलेले पाणी नळांतून मध्यवर्ती हौदात नेले, आणि पंपाने पुन्हा वर चढविले. लोखंड गंजू नये म्हणून त्या पाण्यात धुण्याचा सोडा भरपूर विरघळविलेला असे. आज प्रत्येक यंत्राच्या पायात जी टाकी आणि पंप दिसतो, त्याचे मूळ या परातींत आहे.

नवल याचे की, ही गोष्ट गुप्त नव्हती. कारखाना पाहावयास येणाऱ्यांना ती उघड दिसत असे. तरीही पुढील सुमारे पंधरा वर्षांत तिचे अनुकरण जवळजवळ कोणी केले नाही, अशी खंत टेलरने १९०६ मध्ये अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या सभेपुढे अध्यक्षीय भाषणात नमूद करून ठेवली आहे. चाळीस टक्के लाभ डोळ्यांपुढे वाहत होता आणि पाहणारे तो पाहून घरी जात होते. एवढ्या अवधीत टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम कारखान्यात हाय-स्पीड पोलादाचा शोधही लावला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या पोलादाचे हत्यार लालभडक होईतो कापताना लोकांनी पाहिले. सुमारे सहाशे अंशांपर्यंत धार टिकविणारे हे पोलाद आले, तरी पाण्याची गरज संपली नाही. वेग वाढला आणि त्याबरोबर तहानही वाढली.

सोड्याचे पाणी स्वस्त होते, पण त्यात चिकटपणा नव्हता. यंत्राच्या सरकत्या भागांवरील तेल ते धुऊन नेई आणि कापलेला पृष्ठभाग खरबरीत राही. तेलात वंगणाचा गुण होता, पण उष्णता वाहून नेण्याची ताकद पाण्याच्या जेमतेम निम्मी. मग दोघांचे लग्न लावणे क्रमप्राप्त झाले, आणि मध्यस्थ ठरला साबण. साबणासारख्या द्रव्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि मिश्रण दुधासारखे पांढरे दिसते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे ‘सोल्युबल ऑइल’ सर्वत्र पसरले. आपल्याकडील कारखान्यांत आजही ते याच नावाने ओळखले जाते. एक भाग तेलाला वीस भाग पाणी, हे त्याचे रूढ प्रमाण.

याच सुमारास तेलात गंधक मिसळण्याची प्रथा वाढली. हत्यार आणि कीस यांच्यामध्ये दाब इतका प्रचंड असतो की साधे तेल तेथे टिकतच नाही. गंधक किंवा क्लोरीन मात्र त्या उष्णतेत धातूशी संयोग पावून एक अतिपातळ थर तयार करतो, आणि तो थर धातूला धातू चिकटू देत नाही. आटे पाडताना, कठीण पोलादात छिद्र करताना हे काळपट, उग्र वासाचे तेल आजही कामास येते. तांबे-पितळेवर मात्र त्याचा डाग पडतो. म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याचे अपथ्य!

हे सर्व घडते कसे, याचा शास्त्रीय उलगडा १९४० च्या दशकात होऊ लागला. सिनसिनाटी येथील मिलिंग यंत्रांच्या कंपनीत हान्स अर्न्स्ट आणि युजीन मर्चंट या संशोधकांनी कीस कसा सुटतो याचे गणित मांडले. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या प्रयोगांतून एक महत्त्वाचा विवेक हाती आला. संथ वेगाने कापताना द्रव हत्याराच्या टोकापर्यंत झिरपू शकतो, म्हणून तेथे वंगणाचा गुण मोलाचा. वेगाने कापताना त्याला आत शिरण्यास अवसरच मिळत नाही, म्हणून तेथे मुख्य काम उष्णता वाहून नेण्याचे. एकाच द्रवाकडून दोन्ही कामे सारख्याच उत्तम रीतीने होत नाहीत.

याच संशोधनातील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. संथ वेगाच्या प्रयोगांत कार्बन टेट्राक्लोराइड या द्रवाने घर्षण विलक्षण कमी झाले. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याचा क्रमांक फार वरचा लागला असता. परंतु त्याची वाफ यकृताला आणि मूत्रपिंडाला घातक असते. हत्याराला जे उत्तम, ते हत्यार धरणाऱ्याला मारक ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

पण माणसाला भोगावे लागले ते मुख्यतः साध्या खनिज तेलामुळे, आणि त्याची कहाणी सूतगिरणीतून सुरू होते. लँकेशायरमध्ये ‘म्यूल’ नावाच्या सूतकताई यंत्रांवर काम करणाऱ्या मजुरांचे कपडे चात्यांवरून उडणाऱ्या तेलाने भिजत. वर्षानुवर्षे ते तेल मांड्यांच्या आणि जननेंद्रियांच्या कातडीला लागून राही. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या दोन शल्यवैद्यांनी, साउदम आणि विल्सन यांनी, वृषणाच्या कातडीचा कर्करोग झालेल्या रोग्यांत या मजुरांची संख्या मोठी असल्याचे प्रसिद्ध केले. पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या बाबतीत काजळीचा जो संबंध दाखविला होता, त्याचाच हा दुसरा अध्याय होता. रोग समजल्यापासून ब्रिटनमध्ये गिरणी-मजुरांसाठी विशेष नियम होण्यास १९५३ साल उजाडले. मधल्या एकतीस वर्षांत जे गेले, त्यांना तो नियम उपयोगी पडला नाही. पुढे बर्मिंगहॅमच्या परिसरातील स्वयंचलित लेथांवर काम करणाऱ्यांतही तोच रोग आढळला. तेथे तर तेलाची धार हत्यारावर पडत होती आणि तिचे शिंतोडे माणसावर. कमी शुद्ध केलेली खनिज तेले माणसात कर्करोग उत्पन्न करतात, हे आज आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले सत्य आहे. त्यामुळे नंतरची तेले अधिक शुद्ध करून बनविली जाऊ लागली.

तेलाऐवजी रसायनांचे पाणी वापरले तर हा धोका टळेल, असे काही काळ वाटले. परंतु गंज रोखण्यासाठी घातलेले नायट्राइट आणि अमाइन जातीची द्रव्ये एकत्र आली की त्यांतून कर्करोगकारी संयुगे निर्माण होतात, असे निष्पन्न झाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८४ मध्ये अशा काही मिश्रणांत नायट्राइट घालण्यास मनाई केली. १९९८ मध्ये तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने हवेतील सूक्ष्म तुषारांवर बोट ठेवले आणि एक घनमीटर हवेत अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक तुषार नसावेत, अशी शिफारस केली. कातडीइतकीच फुप्फुसेही या द्रवाच्या वाटेत असतात, हे तोवर स्पष्ट झाले होते. क्लोरीनयुक्त पॅराफिनांपैकी आखूड साखळीचे द्रव्य २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेले. ज्या ज्या पदार्थाने हत्याराचे आयुष्य वाढविले, त्याला कधी ना कधी वैद्याच्या न्यायासनापुढे उभे राहावे लागले.

दरम्यान हत्यारही बदलले होते. १९२७ मध्ये जर्मनीतील क्रुप कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ‘विडिया’ नावाचे टंगस्टन कार्बाइडचे हत्यार मांडले. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. हे हत्यार हाय-स्पीड पोलादाहून कितीतरी अधिक उष्णता सहन करते, पण त्याला अचानक थंड होणे सोसत नाही. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात धातूत शिरतो, तापतो, बाहेर पडतो आणि पुन्हा शिरतो. अशा दातावर मधूनमधून पाणी पडले, तर तापल्या काचेवर पाणी पडल्यासारखी त्याला बारीक चीर जाते. म्हणून कार्बाइडचा कटर एकतर अखंड धारेखाली चालवावा, नाहीतर सरळ कोरडा चालवावा आणि वाऱ्याच्या झोताने कीस उडवून लावावा. अर्धवट दयेने त्याचा घात होतो.

आता घरगुती यंत्रशाळेकडे वळावयास हरकत नाही. लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक १८९८ मध्ये निघाले, तेव्हापासून घरच्या घरी यंत्रे बनविण्याच्या छंदाला एक परंपरा लाभली. १९३८ मध्ये ब्रिजपोर्ट येथे उभ्या मिलिंग यंत्राचा जो आटोपशीर नमुना निघाला, त्याने लहान कारखान्यालाही हे काम आवाक्यात आणून दिले. सीमाभागाला तर लहान यंत्रशाळेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग बेळगावातील सायकलच्या दुकानातून वाढला, १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर गेला, आणि त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना काढला. मोठ्या उद्योगाची मुळे अनेकदा अशा लहान खोलीतच असतात.

परंतु लहान खोलीने मोठ्या कारखान्याचे कूलंट आंधळेपणाने उचलावे, असे मात्र नाही. टेलरची धार ही अखंड चालणाऱ्या यंत्रासाठी होती. घरचे यंत्र रविवारी दोन तास चालते आणि मग पंधरा दिवस झाकून ठेवले जाते. पांढरे मिश्रण टाकीत निजले की वरती तेलाची साय धरते, हवा तुटते आणि आत जंतू वाढू लागतात. कारखान्यांत सुटीनंतर सोमवारी सकाळी पंप सुरू करताच सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तो याच जंतूंचा प्रताप. ज्याचे यंत्र सदाच सुटीवर असते, त्याच्या घरी रोजच सोमवार. शिवाय आपल्याकडील अनेक विहिरींचे पाणी जड. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात साबणाने जुळविलेले हे मिश्रणही फुटते आणि यंत्रावर चिकट राप बसतो. म्हणून ज्यास ते वापरावयाचेच असेल, त्याने मृदू पाणी घ्यावे, पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी ओतू नये, आणि टाकी वेळच्या वेळी रिकामी करावी.

बहुतेक हौशी कारागिरांना याची गरजच पडत नाही. त्यांचा कट हलका असतो आणि वेग माफक. पोलादावर हाय-स्पीडचा कटर चालत असेल, तर कटिंग ऑइलचे थोडे थेंब ब्रशने लावणे पुरेसे होते. मात्र ब्रश कटरच्या दातांत सापडू नये, म्हणून तो बाहेर पडणाऱ्या बाजूनेच धरावा. ॲल्युमिनियम कटरला चिकटते, त्याला रॉकेलसारखे पातळ तेल मानवते, पण त्याची वाफ आणि ठिणगी यांची गाठ पडू देता कामा नये. पितळ कोरडे कापावे. बीड तर कोरडेच बरे, कारण त्याच्या पोटात ग्राफाइटच्या रूपाने वंगण असतेच, आणि ओल लागली की त्याच्या भुकटीचा काळा चिखल होऊन सरकपट्ट्या झिजतात. मॅग्नेशियमवर पाण्याचा थेंबही नको. त्याचा तापलेला कीस पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडतो आणि आग भडकते.

मौज अशी की, मोठे कारखानेही थोडेबहुत याच वाटेने परत आले आहेत. १९९० च्या दशकात जर्मनीतील मोटार-कारखान्यांनी हिशेब मांडला, तेव्हा कूलंटची खरेदी, राखण आणि विल्हेवाट यांवर हत्यारांहून अधिक खर्च होत असल्याचे आढळले. त्यातून तासाला पन्नास मिलिलिटरहूनही कमी तेल हवेच्या झोताबरोबर सोडण्याची पद्धत पुढे आली. टेलरपूर्वीच्या टांगलेल्या डब्याचा थेंब शंभर वर्षांनी शास्त्राच्या मोजमापासह परत आला. अर्थात बंद खोलीत तेलाचे धुके उडविणे घरच्या कारागिराला परवडणारे नाही. कारखान्यात ते शोषून घेणारी यंत्रणा असते, पडवीत ती नसते.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष असा की, कूलंटची निवड हा प्रत्येक पिढीने वेगळ्या माणसाच्या बाजूने सोडविलेला प्रश्न आहे. टेलरने विचारले, वेग किती वाढेल? रसायनज्ञाने विचारले, घर्षण किती घटेल? वैद्याने विचारले, हे कोणाच्या कातडीला लागते आणि कोणाच्या श्वासात जाते? कारखान्यात हे तीन प्रश्न विचारणारी तीन निराळी माणसे होती आणि त्यांची उत्तरे एकमेकांपर्यंत पोहोचण्यास कित्येकदा तीस-तीस वर्षे लागली. घरच्या यंत्रशाळेत मालक, मजूर आणि वैद्य एकच असतो, आणि भिंतीपलीकडे त्याचीच मुले निजलेली असतात. त्याला तीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. डब्यावरील मजकूर वाचावा, बाह्या तेलाने भिजू देऊ नयेत, काम संपताच हात साबणाने धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि वापरलेले तेल गटारात न ओतता जुने तेल घेणाऱ्याच्या स्वाधीन करावे. हत्याराची तहान भागविण्यास चार थेंब पुरत असतील, तर तेथे पाचवा सोडू नये.